चिरेबंदी घराच्या तळघरात वायफाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात सपाट जागा कमी आणि उतार जास्त. त्यामुळे कितीतरी घरं रस्त्याकडून बैठी दिसतात आणि खाडीकडून दुमजली. खालचा मजला अर्धा डोंगरात शिरलेला असतो: मागे माती, बाजूला चिऱ्याच्या भिंती, डोक्यावर स्लॅब. पूर्वी तिथे भाताची पोती, नारळ, लाकूडफाटा असायचा. आता तिथे होमस्टेच्या खोल्या आहेत, आंब्याच्या पेट्या भरल्या जातात, मुंबई-पुण्याच्या कंपनीत घरून काम करणाऱ्या मुलाचं टेबल असतं. इंटरनेटचा डबा (राउटर) मात्र वर ओटीवरच लागतो, कारण फायबर खांबावरून तिथपर्यंतच येते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत लोकांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

वर रेंज फुल्ल असते, पण जिना उतरलं की नुसतं गोल फिरत राहतं. असं का होतं?

वायफायच्या लहरी घन वस्तूतून जाताना क्षीण होतात, आणि तुमच्या खालच्या मजल्याभोवती त्यांना अडवणाऱ्या सगळ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभ्याची भिंत जाड असते. जुन्या घरात तर हात-दीड हात. विटांच्या नऊ इंची भिंतीतून जेवढं पलीकडे पोचतं, तेवढं इथून पोचत नाही. स्लॅबमध्ये काँक्रीट असतंच, वर लोखंडी सळ्यांची जाळी असते आणि धातू लहरी परत फेकतो. मागची बाजू तर डोंगराचीच. ओल्या मातीतून वायफाय जवळजवळ जातच नाही.

हे नुकसान डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे ताकद निम्मी, दहा डेसिबल म्हणजे एक दशांश, वीस म्हणजे शंभरावा भाग. एका भिंतीने दहा आणि स्लॅबने पंधरा डेसिबल खाल्ले तर खाली काय उरतं, याचा अंदाज येईल. लहरी तिरक्या शिरल्या तर भिंतीतला त्यांचा प्रवास आणखी लांबतो. म्हणून राउटर खोलीच्या बरोबर वर नसून घराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर परिस्थिती फारच वाईट होते.

जांभ्यात लोखंड असतं, म्हणून रेंज अडते असं ऐकलं. खरं का?

जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, हे खरं. पण ते ऑक्साइड लोखंडी पत्र्यासारखं लहरी परत फेकत नाही. खरी अडचण भिंतीच्या जाडीची आणि पाण्याची आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी शोषतो आणि धरून ठेवतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात कसंबसं चालणारं वायफाय जुलैत बंद पडतं, त्याचं कारण बहुधा ही भिजलेली भिंत असते. पाणी या लहरींची ऊर्जा चांगलीच शोषतं.

त्याच कारणाने आंब्याच्या मोसमातही काहींना फरक जाणवतो. खालची खोली पेट्यांनी आणि अढीने (पिकायला गवतात मांडलेल्या आंब्यांनी) भरली की लहरींच्या वाटेत पाण्याने भरलेल्या फळांची भिंतच उभी राहते.

दोष वायफायचा आहे की लाइनचा, हे कसं ओळखायचं?

पैसे खर्च करण्याआधी हे ठरवाच, कारण दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

राउटरपासून चार-पाच फुटांवर, मध्ये काही आडवं न येता उभे राहा आणि स्पीड टेस्ट करा. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून करा. तिथेच वेग कमी मिळत असेल किंवा नेट तुटत असेल तर तळघराचा विचार बाजूला ठेवून लाइनवाल्याला फोन करा. डब्यावर 'लॉस' (LOS) लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. वानरांनी केबलवर उडी मारली, माडाची झावळी पडली, वळणावर फायबर मुडपली, अशी कारणं आपल्याकडे नेहमीची आहेत.

वर वेग पूर्ण मिळतो आणि खाली मिळत नाही, तेव्हाच दुखणं वायफायचं. मग खाली सिग्नल किती येतो ते मोजा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारची फुकट ॲप आहेत. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. आकडा डीबीएममध्ये, उणे चिन्हासह दिसतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६७ किंवा त्याहून चांगला हवा. उणे ७५ ला व्हॉट्सॲप चालेल, मीटिंग रखडेल. उणे ८५ ला फोन नुसतं नाव दाखवतो.

प्रत्येक खोलीत दार बंद करून मोजा आणि कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढून आकडे लिहा. हा कागद पुढे प्रत्येक निर्णयाला उपयोगी पडतो.

राउटरची जागा बदलून काम होईल का?

कधी कधी होतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी हेच करून बघा.

खाली जाण्यासाठी लहरींना सर्वांत सोपी वाट जिन्याची. जिना घराच्या आतून असेल तर राउटर जिन्याच्या तोंडाशी, खालच्या पायऱ्या दिसतील असा ठेवा. स्लॅब टाळून उघड्या वाटेने सिग्नल उतरतो. जुन्या घरात स्लॅबऐवजी लाकडी तक्तपोशी असेल तर तुम्ही सुदैवी, लाकूड फार अडवत नाही.

दुसरी वाट बाहेरून. राउटर खाडीकडच्या खिडकीत ठेवला आणि खालच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला असली, तर थोडा सिग्नल बाहेर पडून खालच्या खिडकीतून आत येतो. पण खिडकीला डासांसाठी धातूची बारीक जाळी असेल तर ही वाट बंद झाली असं समजा. वायफायची लहर पाच ते साडेबारा सेंटिमीटर लांबीची आणि जाळीचं भोक जेमतेम दीड मिलिमीटरचं. लहरींच्या दृष्टीने तो पत्राच. नायलॉनची किंवा फायबरग्लासची जाळी लावली तर डासही अडतात आणि सिग्नलही जातो. साधी काच अडवत नाही, आरशासारखी चकाकणारी काच अडवते.

अँटेनाबद्दलही एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. काडीसारखी अँटेना सरळ उभी असेल तर ती चारी बाजूंना आडवी पसरते. बरोबर वर आणि बरोबर खाली तिचा जोर सर्वांत कमी असतो. खोली राउटरच्या थेट खाली असेल तर एक अँटेना आडवी करून बघा आणि आकडा पुन्हा मोजा.

बाकी नेहमीची पथ्यं: लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर, पाण्याच्या टाकीजवळ राउटर नको. उंदीर-पालींच्या भीतीने काहीजण तो पत्र्याच्या पेटीत बंद करतात; मग वरच्या मजल्यावरही रेंज मिळणार नाही.

फायबर लांब नाही म्हणून डबा हलवता येत नसेल तर तो तिथेच राहू द्या, त्याच्यापासून लॅन केबल (नेटची तांब्याची केबल) काढून दुसरा राउटर योग्य जागी बसवा. फायबर स्वतः ओढून मुडपू नका.

जास्त अँटेनांचा, महागडा राउटर घेतला तर?

तळघरासाठी ह्यावर पैसे घालू नका, असं मी स्पष्टच सांगेन. राउटरची ताकद कायद्याच्या मर्यादेत असते, ती किंमत वाढवून दुप्पट-चौपट होत नाही. समजा थोडी वाढलीच, तरी संभाषण दोघांचं असतं. राउटरचं फोनला ऐकू आलं, पण फोनचा क्षीण आवाज चिऱ्याच्या भिंतीतून वर पोचला नाही तर व्यवहार तिथेच अडतो. फोनमधला प्रेषक छोटा आणि बॅटरीवर चालणारा असतो, तो कोणताही राउटर बदलून मोठा होत नाही. फोनवर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचं एक कारण हेच.

वायफाय ६ आणि ७ चांगलेच आहेत. एकाच वेळी बरीच उपकरणं असली तर ते नीट सांभाळतात, जवळून वेगही जास्त देतात. भिंत भेदण्याची शक्ती मात्र त्यांना मिळालेली नाही.

२.४ गिगाहर्ट्झ वापरावं की ५?

बहुतेक राउटर या दोन पट्ट्यांवर (बँडवर) वायफाय देतात. वरून सिग्नल खाली आणायचा असेल तर २.४. त्याची लहर लांब असते आणि ती भिंतीतून तुलनेने बरी जाते. ५ ला वेग जास्त, पण चिऱ्याची एक भिंतही त्याला जड जाते. खालीच वेगळा पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) बसवला असेल तर मात्र त्या खोलीत ५ वापरा.

२.४ मध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वाडीत घरं लांब-लांब असतील तर शेजारच्या वायफायशी टक्कर होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. बाजारपेठेत किंवा समुद्रकाठच्या हॉटेलांच्या रांगेत येतो.

रिपीटर लावला, दांड्या वाढल्या, वेग नाही वाढला. का?

रिपीटर म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे देणारं यंत्र. बहुधा तो चुकीच्या जागी लागला आहे. लोक रिपीटर तळघरात, जिथे रेंज नाही तिथेच लावतात. तो तरी तिथे काय पकडणार? त्याला जो तुटका सिग्नल मिळतो तोच तो पुढे देतो. तुमच्या फोनवर दिसणाऱ्या दांड्या रिपीटरच्या असतात, रिपीटर आणि राउटर यांच्यातलं नातं त्या दाखवत नाहीत.

रिपीटरची जागा मधली: जिन्याच्या वळणावर, जिथे मूळ राउटरचा आकडा उणे ६० ते ६५ च्या आसपास असेल. तिथून खालच्या खोलीत थेट वाट असावी. एवढं करूनही, स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. एका खोलीत व्हॉट्सॲप आणि यूट्यूब चालवायला तो पुरेसा आहे. रोज मीटिंग असतील, दोन-तीन खोल्यांत पाहुणे असतील तर मी रिपीटर सुचवणार नाही.

मग मेश घ्यावं का?

मेश म्हणजे एकाच कुटुंबातले दोन-तीन डबे, जे आपापसात जुळवून घेतात आणि फोनला एकाकडून दुसऱ्याकडे सोपवतात. लाकडी किंवा पातळ विटांच्या घरात ते बिनवायरचं छान चालतं. आपल्या घरात त्यांनाही त्याच चिऱ्यातून एकमेकांशी बोलावं लागतं. म्हणजे अडचण फोनकडून डब्याकडे सरकली, मिटली नाही.

घ्यायचंच असेल तर ज्याच्या प्रत्येक डब्याला लॅनचं भोक आहे असंच घ्या आणि वरचा-खालचा डबा केबलने जोडा. तसं केलेलं मेश उत्तम चालतं.

म्हणजे शेवटी वायर न्यायचीच?

हो. चिऱ्याची भिंत आणि स्लॅब यांच्याशी झगडण्यापेक्षा एक केबल खाली न्या आणि खालीच वायफाय निर्माण करा. ज्या घरांत हे केलं गेलं तिथे प्रश्न संपला. ज्यांनी ते टाळून दोन रिपीटर, एक मोठा राउटर असा खर्च केला, त्यांनाही बऱ्याचदा शेवटी केबलकडेच यावं लागलं. केबल हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. कटकट असते ती भोक पाडण्याची, आणि तेही एकदाच.

केबल कॅट ६ घ्या, कॅट ५ ई सुद्धा चालेल. दोन्हींवर एक गिगाबिट वेग शंभर मीटरपर्यंत जातो, घरासाठी हे पुष्कळ झालं. आठही तारा जोडून घ्या. चारच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसवर अडतो. दुकानात स्वस्त केबल मिळते ती बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. खाऱ्या हवेत ती जोडावर लवकर खराब होते आणि केबलमधूनच वीज न्यायची असेल तर ती तापते. पात्याने तार जरा खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

रस्ता शोधताना आधी घरात असलेली भोकं बघा. नळाचा पाइप, जुना झरोका, जिन्याच्या कोपऱ्यातली फट, विजेचा जुना पाइप. विजेच्या तारा ज्या पाइपात आहेत त्यात ही केबल घालू नका, वेगळा पाइप टाका. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे. वाट आतून मिळत नसेल तर बाहेरच्या भिंतीवरून न्या: वरच्या खिडकीशेजारून बाहेर, भिंतीला धरून खाली, खालच्या खिडकीशेजारून आत.

चिऱ्यात भोक पाडणं तसं सोपं, दगड मऊ असतो; लांब बिटाचं ड्रिल मात्र हवं. भोक आतून बाहेर उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी केबलच्या मागोमाग आत येणार नाही. बाहेर केबलला भोकाच्या खाली छोटा झोल द्या, पाणी तिथूनच गळून जाईल. मग भोक सिलिकॉनने बंद करा. उघड्यावर जाणारी केबल ऊन सोसणारी, बाहेरच्या वापराची असावी किंवा पूर्ण पाइपातून जावी. उंदरांसाठीही पाइप बरा. स्लॅबमध्ये ड्रिल मारायचं झालं तर गवंड्याला किंवा इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, सळई आणि बीम दोन्ही सांभाळावे लागतात.

खाली कोणतं यंत्र लावायचं? घरात जुना राउटर पडून आहे.

तोच लावा. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर हाताने: त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मुख्य राउटरशी जुळणार नाही असा बदला, त्यातलं डीएचसीपी (इतर यंत्रांना असे पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि वरून आलेली केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकात न लावता 'लॅन'च्या भोकात लावा. हे केलं नाही तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. खालच्या लॅपटॉपवरून वरचा प्रिंटर सापडत नाही, कॅमेरे दिसत नाहीत. फार जुना, फक्त २.४ चा राउटर असेल तर त्याच्याकडून मोठ्या वेगाची अपेक्षा ठेवू नका.

नवीन घेणार असाल तर छताला किंवा भिंतीला लागणारा ॲक्सेस पॉइंट घ्या, केबलमधूनच वीज घेणारा. त्याला पीओई म्हणतात. फायदा असा की खाली वेगळा प्लग लागत नाही, आणि वर इन्व्हर्टरवर एकच जोडणी ठेवली की लाइट गेल्यावर दोन्हीकडचं नेट चालू राहतं. नेहमीच्या पीओईत केबलच्या मुळाशी १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते, अशा बहुतेक साध्या यंत्रांना ती पुरते. यंत्र आणि वीज देणारा स्विच एकाच मानकाचे आहेत ना, हे घेतानाच विचारा.

भोक पाडायचंच नाही, भाड्याचं घर आहे. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारी यंत्रं चालतात का?

चालतात, पण खात्री नाही. एक यंत्र वरच्या प्लगला, दुसरं खालच्या. मधली विजेची तार लॅन केबलचं काम करते. दोन्ही प्लग एकाच फेजवर असतील आणि वायरिंग बरं असेल तर कामापुरता वेग मिळतो. पंपासाठी थ्री फेज जोडणी असलेल्या घरात वरचा मजला एका फेजवर आणि खालचा दुसऱ्यावर असू शकतो, तिथे बहुधा जमत नाही. एक प्लग इन्व्हर्टरवर आणि दुसरा थेट लाइनवर असला तरी अडतं. एक्स्टेन्शन बोर्डात किंवा सर्ज प्रोटेक्टरमध्ये (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणाऱ्या यंत्रात) लावू नका, थेट भिंतीतल्या प्लगला लावा. परत घेण्याची हमी देणाऱ्या दुकानातूनच आणा.

वरचं आणि खालचं नाव एकच ठेवावं का?

एकच नाव, एकच पासवर्ड, चॅनेल वेगवेगळे. फोन आपोआप जवळचा पॉइंट धरेल. काही फोन हट्टी असतात, खाली आल्यावरही वरचा क्षीण सिग्नल सोडत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे वरच्या राउटरची ताकद सेटिंगमधून थोडी कमी करणं. ऐकायला उलट वाटतं, पण होतं.

पावसाळ्यात यंत्रं खराब होतात. काय काळजी घ्यावी?

खालच्या खोलीतला दमटपणा आणि समुद्राची खारी हवा या दोन्हींचा मारा तांब्या-पितळेच्या जोडांवर होतो. केबलच्या टोकाच्या पिना हिरव्या पडतात, ॲडॅप्टरची पिन सैल होते आणि नेट मधूनमधून तुटायला लागतं. लोक राउटर बदलतात, दोष टोकात असतो. आधी टोक कापून नवीन लावून घ्या. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांचं टोक घ्यावं. किमतीत फार फरक नाही.

यंत्र डोंगराकडच्या पाझरणाऱ्या भिंतीला लावू नका, आतल्या कोरड्या भिंतीवर छातीच्या वर लावा आणि हवा खेळू द्या. ते चालू असताना स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, म्हणून पावसाळ्यात उगाच बंद ठेवू नका. मुंग्या आणि पाली त्या उबेलाच येतात, अधूनमधून झटकून घ्या.

पडवीला पावसासाठी झापं किंवा कापड लावलं तर वायफायला फारसा त्रास नाही. पत्रे लावले तर आहे.

विजा कडाडतात तेव्हा काय करायचं?

राउटर जळण्याचं आपल्याकडचं हे मोठं कारण. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात धोका सर्वाधिक असतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण ॲडॅप्टरमधून येते, आणि तांब्याच्या लांब लॅन केबलमध्येही जवळ पडलेल्या विजेने दाब तयार होतो. गडगडाट सुरू व्हायच्या आधीच ॲडॅप्टर प्लगमधून काढा, लॅन केबलही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नका. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग चांगलं असेल तर सर्ज प्रोटेक्टरचा उपयोग होतो. अर्थिंगच नसेल तर तो नावापुरता. नवीन घर बांधताना वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या.

घरापासून दूर बागेत मांगर (शेतघर) आहे, किंवा खाली पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) टोकाला वेगळी खोली आहे. तिथे?

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका, वर सांगितलेल्या विजेच्या कारणासाठी. तिथे फायबर टाका. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे छोटे डबे), मध्ये फायबर. अंतर शंभर मीटरच्या पुढे गेलं तरी अडचण नाही. केबल घेताना आत पोलादी तार नसलेली, धातूविरहित मागा. हे काम तुमच्या भागातला फायबर जोडणारा माणूस करून देतो.

दोन्ही ठिकाणं एकमेकांना स्पष्ट दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झच्या डिशसारख्या अँटेनांची जोडीही चालते. मध्ये कलमं किंवा काजू असतील तर नको. झाडाचं ओलं पान सिग्नल खातं, आणि आज न दिसणारी फांदी दोन वर्षांत वाटेत येते.

होमस्टेच्या चार खोल्या एका रांगेत आहेत, सगळ्यांची दारं खाडीकडे. प्रत्येक खोलीत एक पॉइंट लावू?

गरज नाही. अशा रांगेत बाहेरच्या वापराचा एकच पॉइंट समोरच्या खांबावर, दारं-खिडक्यांकडे तोंड करून लावला तर लाकडी दारांतून आणि खिडक्यांतून आत चांगला पोचतो. खिडक्यांना धातूची जाळी नसावी, हे पुन्हा सांगतो. मागच्या टोकाच्या न्हाणीघरात रेंज कमी राहील, चालेल. चारपेक्षा जास्त खोल्या असल्या किंवा मध्ये वळण असलं तर दोन लावा.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा, म्हणजे घरचे कॅमेरे आणि हिशोबाचा संगणक त्यांच्यापासून वेगळा राहतो. एक इशारा: जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरताना त्याचं गेस्ट नेटवर्क बऱ्याचदा खरं वेगळं नसतं. गेस्टला जोडून घरचा प्रिंटर किंवा कॅमेरा दिसतो का, हे स्वतः तपासून बघा.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की नेट रांगतं. पॉइंट वाढवू का?

आधी बघा अडतंय कुठे. एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, ४के टीव्हीला २५ च्या आसपास धरा. पन्नास एमबीपीएसच्या प्लॅनवर दोन टीव्ही आणि पंधरा फोन असतील, त्यात प्रत्येक फोन आरतीचे व्हिडिओ चढवत असेल, तर दोष रेंजचा नाही. त्या महिन्यापुरता प्लॅन वाढवता येतो का विचारा. टीव्ही केबलने जोडलात तर वायफाय मोकळं होतं, हा फुकटचा मोठा फायदा.

खाली मोबाइलचीही रेंज नाही. बाजारात बूस्टर मिळतो तो लावू का?

नाही. परवानगीशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर लावणं भारतात बेकायदा आहे, शिवाय त्याने टॉवरला अडथळा होऊन अख्ख्या वाडीची रेंज बिघडू शकते. खाली वायफाय नीट पोचलं की फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा, साधे कॉल त्यावरून येतात-जातात. तळघरात झोपणाऱ्या वयस्कर माणसांसाठी मला ही सोय फार महत्त्वाची वाटते. रात्री काही झालं तर फोन लागला पाहिजे.

राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावून फायदा होतो का?

एका दिशेचा सिग्नल दुसऱ्या दिशेला वळतो, थोडासा. चिरा आणि स्लॅब यांच्यापुढे तो काही कामाचा नाही.

काम कधी करावं आणि वायरमनला नेमकं काय सांगावं?

दिवाळीनंतर. भिंती सुकलेल्या असतात, सिलिकॉन नीट धरतं, गवंडी-वायरमन मिळतात आणि आंब्याची धावपळ सुरू व्हायला अवकाश असतो. पण आकडे मात्र पावसाळ्यात मोजून ठेवलेले असावेत, ऑगस्टमधले. उन्हाळ्यातल्या आकड्यांवर आखणी केली तर जूनमध्ये कमी पडते.

वायरमनला सांगा: तांब्याची कॅट ६ केबल, आठही तारा, विजेच्या पाइपापासून वेगळा पाइप, भोक बाहेर उतरतं, दोन्ही टोकांना भिंतीतला सॉकेट. एकाऐवजी दोन केबली ओढून घ्या. दुसरी आज रिकामी राहू दे, पुढे कॅमेऱ्याला किंवा पहिली उंदराने कुरतडली तर लागेल. पाइपात एक मजबूत दोरी सोडून ठेवायला सांगा, नवीन केबल ओढायला. काम झाल्यावर पैसे देण्याआधी लॅपटॉप खालच्या सॉकेटला जोडा आणि जोडणीचा वेग १ जीबीपीएस दिसतो का बघा. १०० दिसला तर एखादी तार नीट बसलेली नाही, टोक तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्या.